अडाणी कामगार की अडेलतट्टू यंत्र?

वाळूजच्या कामगाराला कौशल्य नाही, असे म्हणण्याचे धाडस कोणी करणार नाही. १९८५ मध्ये बजाज ऑटोचा कारखाना येथे उभा राहिला, सुटे भाग बनवणाऱ्या लहानमोठ्या कारखान्यांची रांग लागली आणि मराठवाड्याच्या कोरडवाहू खेड्यांतून आलेल्या तरुणांनी लेथ, प्रेस, मिलिंगची यंत्रे हातात घेतली. मायक्रोमीटरवर मिलिमीटरचा शंभरावा भाग वाचणारा हाच कामगार भांडारातल्या संगणकापुढे बसला, की मात्र ‘अडाणी’ ठरतो! फाईल सापडली नाही, नोंद पुसली गेली, की दोष त्याचा. त्याला प्रशिक्षणवर्गाची वाट दाखवली जाते. यंत्राला जाब कोणीच विचारत नाही.

वस्तुतः जाब यंत्रालाच, म्हणजे ते घडवणाऱ्यांना, विचारला पाहिजे. पडद्यावर इंग्रजीत सूचना येते. खाली दोन बटणे असतात. कोणते दाबले असता केलेले काम टिकेल, याचा खुलासा त्यात नसतो. हाताला सवय झाली, की नव्या आवृत्तीत सारी मांडणी बदललेली. २०१२ च्या विंडोज ८ मधून ‘स्टार्ट’चे बटणच नाहीसे करण्यात आले, जगभर ओरड झाल्यावर पुढच्या वर्षी ते परत आले. इंग्रजी जाणणारेही जिथे चाचपडले, तिथे वाळूजच्या कारकुनाने शरमेने मान खाली का घालावी?

मराठीची परवड तर याहून मोठी. इन्स्क्रिप्ट कळफलक १९८६ मध्येच प्रमाण ठरला. १९९१ पासून देवनागरी युनिकोडमध्ये आहे. तरीही बाजारातल्या बहुतेक कळफलकांवर मराठीचे एक अक्षरही छापलेले नसते. जुन्या खासगी फाँटातला अर्ज दुसऱ्या यंत्रावर उघडला, तर अक्षरांऐवजी चिन्हांचा गाळ दिसतो. राज्य शासनाने २००९ च्या निर्णयाने मराठी ‘ल’ आणि ‘श’ यांची रूपे निश्चित केली. पडद्यावर मात्र आजही सर्रास हिंदी वळण उमटते.

‘तंत्रज्ञान अवघडच असते’ ही यावरची ठरलेली मखलाशी. पण विंडोजचे मराठी रूप कित्येक वर्षांपासून उपलब्ध आहे! ते यंत्रावर चढवले जात नाही, कारण यंत्र विकत घेणारा एक आणि वापरणारा दुसरा. वापरणाऱ्याचे मत विचारण्याची कोणालाच गरज वाटत नाही. मालकीच्या या गणितात लहान कारखानदारही सुटत नाही. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० ला मिळणारा नियमित आधार संपला. मुदतवाढ मिळते ती कंपनीच्या अटींवर. विंडोज ११ जुन्या प्रोसेसरची असंख्य यंत्रे स्वीकारत नाही. धडधाकट संगणक भंगारात काढण्याचा हुकूम सातासमुद्रापलीकडून सुटतो आणि खर्चाचा भुर्दंड वाळूजच्या शेडमध्ये पडतो.

वेतन आणि कंत्राटी पद्धतीचे प्रश्न जळत असताना ही चैन कशाला, असे काही कार्यकर्ते विचारतील. त्यांनी एवढेच पाहावे, की कंत्राटी कामगाराची हजेरी, जादा कामाचे तास, भविष्यनिर्वाह निधीची नोंद हे सारे आता संगणकातच असते. ज्याला स्वतःची नोंद वाचता येत नाही, त्याला ती खोटी ठरवता येत नाही. पूर्वी हजेरीपुस्तकावर निदान बोट ठेवता येत होते. आता ‘सिस्टीममध्ये असेच दिसते’ या एका वाक्याने त्याचे तोंड बंद होते.

नॉर्वेच्या धातूकामगारांच्या संघटनेने हा धोका पन्नास वर्षांपूर्वी ओळखला. क्रिस्टन निगार्ड या संगणकशास्त्रज्ञाला सोबत घेऊन तिने १९७० च्या दशकाच्या आरंभीच अभ्यास हाती घेतला. १९७५ मध्ये राष्ट्रीय पातळीवर कामगार आणि मालक यांच्या संघटनांत करार झाला. नव्या संगणकप्रणालीची माहिती तज्ज्ञ नसलेल्यालाही समजेल अशा भाषेत मिळण्याचा हक्क कामगारांनी मिळवला. आपल्याकडेही केरळच्या सरकारी शाळांनी मुक्त प्रणाली स्वीकारली आणि ती मल्याळममध्ये मुलांच्या हाती दिली. महाराष्ट्राला काय कमी होते? पुण्यात सी-डॅक आहे. तिच्या ‘बॉस’ या मुक्त प्रणालीला २००७ पासूनची परंपरा आहे. १९६४ चा राजभाषा अधिनियम आहे. कमी आहे ती इच्छाशक्ती.

म्हणून मागण्या स्पष्ट हव्यात. सरकारी पैशाने घेतलेला प्रत्येक संगणक मराठी प्रणालीसह आणि मराठी अक्षरे छापलेल्या कळफलकासह यावा. धडधाकट जुन्या यंत्रांवर मुक्त प्रणाली बसवून देण्याची सोय तालुक्याच्या आयटीआयमध्ये व्हावी. कारखान्यात नवी प्रणाली येण्यापूर्वी ती वापरणाऱ्यांचे मत घेतले जावे आणि आपली नोंद मराठीत पाहण्याचा हक्क प्रत्येक कामगाराला मिळावा. वेतनकराराच्या मसुद्यात ही कलमे घालण्याचे काम कामगार संघटनांचे आहे. यंत्र माणसाला समजले पाहिजे, ही मागणी चैनीची नव्हे. ती हजेरीची, पगाराची आणि हक्काची मागणी आहे.