कार्बोरेटर ‘जात’ नाही, तुंबतो!

मंडळी, आज जरा स्पष्टच लिहितोय. राग आला तर कमेंटमध्ये काढा.

यशवंतराव होळकर महाराजांच्या ड्यूझनबर्गचा फोटो कुणी टाकला की आपण इंदूरकर मराठी लोक छाती फुगवून शेअर करतो. आणि स्वतःच्या दारातली फियाट? "कार्बोरेटर गेला हो, कबाडीला देऊन टाकली." हे वाक्य मी रामबागेपासून राजेंद्र नगरपर्यंत इतक्या घरांत ऐकलंय!

आमच्याकडे बाबांची प्रीमिअर पद्मिनी आहे. वालचंद हिराचंदांच्या कंपनीत, कुर्ल्याला बनलेली. बरेच महिने उभी राहिली आणि चालू होईना. मेकॅनिकने बॉनेट उघडून लांबूनच निकाल दिला, "भिया, नया डलवा लो." मी म्हटलं, आधी खोलून तर बघू.

सोलेक्सचा कार्बोरेटर हा. ओसरीवर पेपर पसरला आणि एकेक भाग काढला त्या क्रमाने मांडला. मिक्स्चरचा स्क्रू आधी आत फिरवून किती फेरे बसतात ते लिहून ठेवलं, मगच काढला. फ्लोट कानाशी हलवून पाहिला, आत पेट्रोल खळखळत नव्हतं. मेन जेटवर आकडा असतो, तो मिलिमीटरच्या शंभराव्या भागात. म्हणजे 120 लिहिलं असेल तर भोक 1.2 मिलिमीटरचं. पितळ मऊ असतं. तार खुपसली की भोक मोठं होतं आणि गाडी जन्मभर जास्त पेट्रोल पिते. म्हणून फक्त क्लीनर आणि हवेचा झोत. आत काय सापडलं? सुकलेल्या पेट्रोलचा चिकट थर. बस! नवी गॅस्केटं आणि पंपाचा डायफ्राम टाकला, गाडी सुरू.

शेजारी पुतण्या उभा होता, इंजिनीअरिंगच्या तिसऱ्या वर्षाचा. बर्नुलीचं समीकरण तोंडपाठ. व्हेंचुरी हातात दिली तर विचारतो, "काका, हे काय आहे?"

दोष त्याचा नाही, आपला आहे. "हात काळे करू नकोस, अभ्यास कर," असं सांगून पिढ्या वाढवल्या आपण. हाताचं काम म्हणजे गॅरेजवाल्यांचं, असं मनात धरलं, आणि त्यांच्या कामाचे पैसे देतानाही घासाघीस केली. मग तो बिचारा तरी कशाला खोलत बसेल? नवा विकण्यात त्याचे दोन पैसे सुटतात.

"वेळ कुणाकडे आहे?" असं म्हणाल. रविवारची एक दुपार लागते, तेवढी मोबाइलवर रोज जाते. स्पिंडल झिजून हवा ओढत असेल, बॉडीच वाकली असेल, तर बदला, माझी ना नाही. पण तेही खोलल्याशिवाय कळत नाही. आणि आता पेट्रोलमध्ये 20 टक्के इथेनॉल येतंय. ते ओलावा ओढतं, जुन्या रबराला खातं. त्यामुळे जुनी गाडी ठेवायची तर अधूनमधून खोलणं आलंच.

तेव्हा कबाडीला फोन करण्याआधी एक पाना घ्या आणि घरातल्या पोराला शेजारी बसवा. होऊ द्या हात काळे. साबणाने निघतात.