कुलूपबंद दारांची देवभूमी

हरिद्वारला भाड्याने घेतलेली गाडी नजीबाबादमार्गे कोटद्वारकडे निघाली, तेव्हा आमच्या मनात हिमालयाचे तेच परिचित चित्र होते : गंगेची आरती, देवदारांची राई, क्षितिजावर हिमशिखरे. चारधामाच्या यात्रेला जाणारा मराठी माणूस ऋषिकेशहून थेट बद्रीनाथ-केदारनाथाची वाट धरतो. आम्ही या वेळी मुद्दाम वाट वाकडी केली. पौडी गढवालच्या आतल्या गावांतून जायचे, आणि तेथून पुढे जोशीमठमार्गे तिबेटच्या सीमेलगतच्या नीती खोऱ्यात, असा बेत होता. आठ दिवसांच्या त्या प्रवासाने हिमालयाचे सौंदर्य तर दाखवलेच. पण जे दाखवले ते पाहून स्वस्थ बसवत नाही, म्हणून हा लेखनप्रपंच.

कोटद्वारजवळ मालिनी नदीच्या काठी कण्वाश्रम आहे. शकुंतलेचा पुत्र भरत येथेच वाढला, अशी परंपरेची श्रद्धा आहे. ज्याच्या नावाशी आपण या राष्ट्राचे नाव जोडतो, त्या भरताचे बालपण जेथे गेले, त्या भूमीतून पुढे चढत जावे आणि वळणावळणावर माणसांवाचून ओस पडलेली गावे दिसावीत, यापेक्षा विषण्ण करणारा विरोधाभास कोणता?

आमच्या गाडीचा चालक याच जिल्ह्यातला. दिल्लीत हॉटेलात नोकरी करत होता. 2020च्या टाळेबंदीत गावी परतला आणि कर्ज काढून ही गाडी घेतली. वाटेतच त्याचे गाव होते. त्याच्या आग्रहावरून आम्ही तेथे थांबलो. तीस-पस्तीस घरांची वस्ती. पाषाणाच्या पातळ लाद्यांनी शाकारलेली छपरे, कोरीव लाकडी चौकटी, पुढे फरसबंद अंगण. पण चारच घरांतून धूर निघत होता. उरलेल्या दारांना कुलपे, आणि ती कुलपेही गंजलेली. डोंगर उतारावर पिढ्यान्‌पिढ्या खपून रचलेल्या पायऱ्यांच्या शेतांत झुडपे माजलेली. जी थोडी शेते कसली जातात, तेथे रानडुकरे आणि माकडे पीक उभे राहू देत नाहीत. सायंकाळ झाली की बिबट्याच्या भयाने दारे लागतात.

चालकाची वृद्ध आई त्या गावात एकटी राहते. सून आणि नातवंडे शाळेसाठी कोटद्वारला. त्या माउलीने आम्हाला मंडुव्याची भाकरी वाढली. मंडुवा म्हणजे आपली नाचणीच. कोकणातल्या एखाद्या आजीच्या चुलीपुढे बसलो आहोत, असा भास झाला. ‘माताजी, मुलाकडे खाली का जात नाही?’ असे माझ्या पत्नीने विचारले, तेव्हा त्यांनी देव्हाऱ्याकडे बोट दाखवले. घरच्या देवतेपुढे रोज दिवा लावायचा, तो कोणी लावायचा?

परतताना चालक जे बोलला ते मनात रुतून बसले. ‘भाईसाहब, गावात रस्ता आला तेव्हा आम्ही ढोल वाजवला होता. त्याच रस्त्याने त्या वर्षी सहा कुटुंबे सामान घेऊन खाली उतरली.’

आकड्यांमागची वेदना

हा एका गावाचा अपवाद नव्हे. 9 नोव्हेंबर 2000 रोजी उत्तराखंड राज्य निर्माण झाले, ते पहाडाच्या उपेक्षेविरुद्धच्या दीर्घ संघर्षातून. पण पुढच्या दहा वर्षांत देशाची लोकसंख्या वाढत असताना पौडी आणि अल्मोडा या दोन जिल्ह्यांची लोकसंख्या घटली, हे 2011च्या जनगणनेने दाखवून दिले. राज्य सरकारने 2017 मध्ये पलायन आयोग नेमला. त्याच्या 2018च्या अहवालानुसार, आधीच्या दहा वर्षांत 3,946 ग्रामपंचायतींतून 1,18,981 लोकांनी कायमचे गाव सोडले होते आणि 2011 नंतर 734 गावे निर्जन झाली होती. जाणाऱ्यांपैकी सुमारे निम्म्यांनी रोजगाराचे कारण सांगितले. त्याखालोखाल शिक्षण आणि आरोग्य.

हे आकडे कोणत्या भूमीचे आहेत, हे ध्यानात घ्यावे. गढवाल रायफल्सचे केंद्र असलेले लॅन्सडाऊन याच पौडी जिल्ह्यात आहे. 1962च्या युद्धात नूरानांग येथे चिनी आक्रमकांना झुंजवत हुतात्मा झालेले महावीरचक्र विजेते जसवंतसिंह रावत याच जिल्ह्याचे सुपुत्र. देशाचे पहिले संरक्षणदल प्रमुख जनरल बिपीन रावत यांचे मूळ गावही येथलेच. ज्या घरांनी देशाला सैनिक दिले, त्या घरांना आज कुलपे आहेत. सीमेचे रक्षण बंदुका करतातच, पण बंदूक धरणारा हात ज्या अंगणात घडतो, ते अंगण ओस पडले तर पुढचा सैनिक कोठून यायचा?

सीमेवरचा पहिला माणूस

जोशीमठहून धौलीगंगेच्या काठाने नीती खोऱ्यात शिरलो. वाटेत रैणी गाव लागते. 1974 मध्ये गौरादेवींनी गावातल्या महिलांसह झाडांना कवेत घेऊन जंगल वाचवले, ते हेच रैणी. आणि 7 फेब्रुवारी 2021 रोजी ऋषिगंगेच्या प्रलयाने हादरले तेही हेच. मागे टाकून आलेल्या जोशीमठात 2023च्या प्रारंभी जमीन खचून शेकडो घरांना तडे गेले होते. विकास हवाच, परंतु हिमालयाची प्रकृती न जाणता केलेला विकास त्याच गावकऱ्यांच्या मुळावर येतो, याची ही साक्ष.

पुढे मलारी. येथील भोटिया समाज एके काळी खिंडी ओलांडून तिबेटशी व्यापार करी. धान्य जाई, मीठ आणि लोकर येई. 1962 नंतर तो व्यापार थांबला आणि खोऱ्याच्या अर्थजीवनाचा कणाच मोडला. तरीही ही कुटुंबे उन्हाळ्यात वर येतात, शेती करतात, देवतांचे उत्सव करतात आणि हिमवर्षावापूर्वी खाली उतरतात. या माणसांचे येथे असणे हाच आपल्या सीमेचा सर्वांत जिवंत पुरावा आहे. अनोळखी हालचाल प्रथम दिसते ती मेंढपाळालाच.

या जाणिवेतून केंद्र सरकारने 2023 मध्ये 4,800 कोटी रुपयांची ‘व्हायब्रंट व्हिलेज’ योजना हाती घेतली, त्यातील 2,500 कोटी रस्त्यांसाठी. माणा गावाला ‘देशातील शेवटचे गाव’ म्हणत, ते आता ‘पहिले गाव’ म्हणून ओळखले जाते. दृष्टिकोनातील हा बदल स्वागतार्ह आहे. परंतु फलक बदलल्याने गाव वसत नाही. आमच्या चालकाचे वाक्य योजनाकारांनीही ऐकावे. रस्ता दोन्ही दिशांना जातो. त्या रस्त्याने शिक्षक आणि वैद्य वर आले, गावच्या मालाला बाजार मिळाला, विखुरलेल्या शेताच्या तुकड्यांचे एकत्रीकरण झाले, तर रस्ता गाव जगवतो. अन्यथा तोच रस्ता गाव रिकामे करतो. सरकार कोणत्याही पक्षाचे असो, हा प्रश्न त्याला विचारलाच पाहिजे.

आपले काय?

पण सर्व भार शासनावर टाकून मोकळे होणे ही आपली परंपरा नव्हे. आपल्यापुरते पाहू. कोकणातली कुलूपबंद घरे आणि मनीऑर्डरीवर चालणारी गावे मराठी समाजाला नवी नाहीत. गणेशोत्सवात चाकरमानी परततो आणि चार दिवस गाव नांदते. गढवालचे दुःख आपल्याइतके दुसऱ्या कोणाला समजावे?

दरवर्षी महाराष्ट्रातून असंख्य कुटुंबे हिमालयात जातात. पर्यटन संस्थेची बस, मोठ्या गावातले हॉटेल, जेवणात घरचाच आग्रह आणि मागे उरतो प्लास्टिकचा कचरा. आपला पैसा पहाडातून जातो, पहाडात राहत नाही. याऐवजी स्थानिक चालकाची गाडी घ्यावी. पंडित दीनदयाळजींच्या नावाने 2018 मध्ये सुरू झालेल्या गृह-आवास योजनेतून अनेक गावकऱ्यांनी घरच्या खोल्या पाहुण्यांसाठी सज्ज केल्या आहेत, तेथे उतरावे. मंडुवा, झंगोरा, राजमा त्यांच्याच अंगणातून विकत घ्यावा. मुलांना केवळ शिखरांची नावे नव्हे, तर ज्या घरी राहिलो तेथील माणसांची नावे ठाऊक व्हावीत. सेवानिवृत्त शिक्षक आणि वैद्य यांनी वर्षातला एक महिना अशा एखाद्या गावाला द्यावा. नानाजी देशमुखांनी राजकारण सोडून चित्रकूटची गावे उभी करण्यात उत्तरायुष्य वेचले. त्यांच्या वारशावर आपण अधिकार सांगत असू, तर एक महिना ही फार मोठी मागणी नव्हे.

आदि शंकराचार्यांनी केरळातून येऊन ज्योतिर्मठाची स्थापना केली. बद्रीनाथाचे रावळ आजही केरळातील नंबुद्री कुळातून येतात. पुण्यश्लोक अहिल्यादेवींनी दूर माळव्यातून हिमालयातील यात्रेकरूंची काळजी वाहिली. हे सारे एकात्मतेचे धडे आपण बौद्धिकांतून सांगतो, ऐकतो. त्या धड्यांची परीक्षा एका साध्या प्रश्नात आहे : त्या माताजींच्या देव्हाऱ्यातला दिवा उद्या कोण लावणार?

निरोप घेताना त्यांनी आमच्या हाती मंडुव्याच्या पिठाची पुरचुंडी दिली आणि पुढच्या वर्षी येण्याचे वचन घेतले. ते वचन पाळायचे आहे. आणि येताना आणखी चार घरांना बरोबर न्यायचे आहे.