गेली तेल लावत

एखाद्याला उडवून लावायचं असलं की आपण म्हणतो, "गेली तेल लावत!" पण आमच्या वडगावात खरोखर तेल लावत फिरणारी एक बाई आहे. सुनेला सातवा महिना लागला की तिचा नंबर शोधत सगळे फिरतात, आणि बाळाचं बारसं उरकलं की तिच्या पैशाबद्दल कुरकुर सुरू होते.

परवा स्वाध्याय संपल्यावर मंडळात तोच विषय निघाला. "दोनशेचे चारशे केलेत म्हणे तिनं! आईबाळ दोघांचे." "पार्लरमध्ये कामाला होती तेव्हा बरी होती. आता स्वतःचा धंदा काढलाय, कार्ड छापलंय, ॲडव्हान्स मागाय लागलीय." बोलणाऱ्या दोघीतिघी गेल्याच महिन्यात गोव्याला जाऊन रिसॉर्टात तासाचे अडीच हजार देऊन पाठ चोळून घेऊन आल्या होत्या. तिथं भाव केला का? उलट टिप ठेवली.

चारशे रुपयांत काय येतं ते सांगते. सकाळी सहाला ती येते. तेल कोमट करणं, बाळंतिणीची कंबर, पोटऱ्या, खांदे जिरवणं, पाटावर पाय पसरून बाळाला नडग्यांवर घेणं, डाळीच्या पिठानं अंग चोळणं, कढत पाण्यानं दोघांना न्हाऊ घालणं, मग ओवा-शेपाची धुरी. दोन तास जातात. दिवसाला चार घरांच्या वर तिचे हात चालत नाहीत. बाळंतपणं काही बारा महिने रांगेत उभी नसतात. पेट्रोल तिचं, अंगठ्याचं दुखणं तिचं, रजा बिनपगारी. आमच्या हिशोबात मात्र चारशे गुणिले चार गुणिले तीस असतं!

कुणी म्हणेल, शिक्षण काय तिचं? रास्त प्रश्न आहे. अंगाला हात लावणाऱ्या माणसाला कळायलाच हवं. पण मग कळणारीला ओळखा तरी. बाळाच्या नाकाकानात तेल सोडा म्हणून आज्या हटून बसतात, ती सोडत नाही. डॉक्टर तेच ओरडून सांगतात. आमच्या मागच्या गल्लीत एका बाळंतिणीची एकच पोटरी सुजून गरम झाली होती. सासू म्हणाली, जोर लावून चोळ, उतरेल. हिनं हातच लावला नाही. "आधी दवाखान्यात न्या" म्हणाली. शिरेत रक्ताची गाठ होती. तशी पोटरी चोळली असती तर गाठ सुटून फुप्फुसापर्यंत गेली असती. त्या दिवसाचे पैसे तिला मिळाले नाहीत, कारण काय, तर मालिश झालंच नाही.

सरकारचंही तसंच. 2023 मध्ये विश्वकर्मा योजना आली. अठरा कारागिरींना पंधरा हजारांची अवजारं आणि पाच टक्क्यांनी कर्ज. सुतार आहे, कुंभार आहे, परीट आहे, हारवाला आहे, दाढी करणारा न्हावी आहे. झालं ते चांगलंच झालं. पण पिढ्यान् पिढ्या बाळंतिणींची हाडं सावरणारी बाई त्या यादीत नाही. हातात अवजार नसलं की कारागिरी दिसत नाही वाटतं.

आणि आपण? सहा अभ्यंतर तपांत वैयावृत्त्य येतं हे आमच्यातल्या लहान पोरीला पाठ असतं. समंतभद्राचार्यांनी तर रत्नकरंड श्रावकाचारात मुनींचे पाय चेपण्याचा स्पष्ट उल्लेख केलाय. प्रवचनात ते ऐकताना आमचे डोळे भरून येतात. तेच हात दारिद्र्यापायी दुसऱ्याच्या दुखऱ्या अंगावर फिरले की ते तप राहत नाही, हलकं काम होतं. बाळंतिणीच्या खोलीत सोयर म्हणून आम्ही शिवाय कचरतो. तिथं तीच आत जाते. आणि तिचे स्वतःचे चार दिवस आले की तिला म्हणतो, येऊ नकोस, पैसे कापू. कापतोही.

हे दुसऱ्यांवर ढकलून मी नामानिराळी राहणार नाही. 2016 साली माझ्या लेकीच्या बाळंतपणात मीच कापले होते. चार दिवस, रोजचे दोनशे. तेव्हा ती काही बोलली नाही. दुसरं घर हातात नव्हतं तिच्या. आता आहे, म्हणून बोलते, तर तेच आपल्याला खुपतं.

तिला एक खोली भाड्यानं हवीय. कंबरदुखीच्या, गुडघेदुखीच्या बायका तिथं येतील, दारोदार फिरणं कमी होईल. तीन घरमालकांनी नाही म्हटलं. 'मालिश' अशी पाटी लागली की घराची अब्रू जाते म्हणे. वाईट धंदे कुणी केले, कुणी करवले, पैसे कुणी मोजले, त्यांच्या अब्रूला काही झालं नाही. पाटी मात्र हिची अडली.

आमच्या जिन्याखालची खोली रिकामी आहे. घरात मी विषय काढला. "लोक काय म्हणतील?" तेच. मी म्हटलं, लोकांच्या सुना बाळंत व्हायच्या आहेत, फार काही म्हणणार नाहीत. वाद अजून चाललाय, पण मी पाटी रंगवायला टाकलीय.

त्याआधी ते आठशे रुपये घेऊन तिच्या घरी गेले. मला वाटलं होतं, "राहू दे की अक्का" म्हणेल. तिनं मोजून घेतले. एक नोट फाटकी होती, ती बदलून मागितली.