रेडिएटरची नळी : स्वस्त वस्तू, महागडी घाई

मे महिन्याची सुट्टी. पहाटे निघालेली गाडी दहाच्या सुमारास घाटाच्या मध्यावर येते. मागे मुले, डिकीत सामान, एसी सुरू. अचानक डॅशबोर्डवरचा तापमानाचा काटा लाल रेघेला टेकतो आणि बॉनेटच्या फटीतून वाफ येऊ लागते. गाडी कडेला घेतली जाते, सगळे खाली उतरतात. यानंतरची पाच मिनिटे सर्वांत धोक्याची. कारण कोणीतरी हाताला रुमाल गुंडाळून रेडिएटरचे झाकण उघडायला सरसावतो आणि घरची मंडळी, त्यात मुलेही आली, काय झाले ते पाहायला बॉनेटवर वाकलेली असतात.

हेच लोक घरी प्रेशर कुकरची वाफ जिरल्याशिवाय झाकणाला हात लावत नाहीत. रेडिएटर म्हणजे तरी दुसरे काय? त्याच्या झाकणात स्प्रिंग असते आणि ती आतला दाब धरून ठेवते. अनेक गाड्यांच्या झाकणावर ०.९ किंवा १.१ असा आकडा कोरलेला दिसतो, तो या दाबाचाच. मोकळ्या भांड्यात पाणी १०० अंश सेल्सिअसला उकळते, महाबळेश्वरच्या उंचीवर तर ९५-९६ अंशांनाच. पण एवढ्या दाबाखाली तेच पाणी ११८-१२० अंशांपर्यंत न उकळता तापत राहते. झाकण सैल होताच दाब जातो, पाण्याची क्षणात वाफ होते आणि उकळत्या पाण्याचा फवारा थेट तोंडावर येतो. म्हणून इंजिन बंद करून किमान पाऊण तास थांबायचे. रेडिएटर हाताला कोमट लागेपर्यंत झाकणाला हात नाही. तापलेल्या इंजिनात थंड पाणीही ओतायचे नाही, त्याने हेडला तडा जाऊ शकतो.

द्रुतगती मार्ग २००२ साली पुरता सुरू होण्याआधी मुंबई-पुणे रस्त्यावर, खंडाळ्याच्या घाटात, बॉनेट उघडून उभ्या असलेल्या फियाट आणि अँबॅसडर हे नेहमीचेच दृश्य होते. त्या गाड्या साध्या पाण्यावर चालत आणि ड्रायव्हर मंडळी डिकीत पाण्याचा डबा ठेवीत. त्यामुळे ‘गाडी गरम झाली, पाणी टाका’ हे आपल्याकडे अंगवळणी पडले. पाणी मुळात गेले कुठे, हा प्रश्न मात्र फारसा कोणी विचारत नाही. पुष्कळदा ते रबराच्या एका नळीतून गेलेले असते.

गॅरेजमध्ये तिला होज पाइप म्हणतात. मुख्य नळ्या दोन. वरच्या नळीतून इंजिनाचे तापलेले पाणी रेडिएटरमध्ये येते, खालच्या नळीतून थंड झालेले पाणी पंपाकडे परत जाते. पंप पाणी ओढतो तेव्हा खालची नळी चपटी होऊ नये म्हणून काही गाड्यांत तिच्यात तारेची स्प्रिंग घातलेली असते. लहान गाडीची नळी काही शे रुपयांत मिळते. ती फुटूनही गाडी तशीच दामटली तर हेड वाकते, गॅस्केट जाते आणि खर्च हजारांत पोहोचतो. कुकरची रिंग सैल झाली की आपण कुरकुर न करता नवी आणतो, नळी मात्र फुटेपर्यंत कोणाला आठवत नाही.

नळीची परीक्षा बोटांनी करायची, तीही इंजिन थंड असताना. ती बहुधा आतून सडते, त्यामुळे वरून काळी कुळकुळीत दिसली म्हणून निर्धास्त राहू नये. आधी मध्यभागी दाबून पाहावी, मग क्लिपेच्या जवळ. टोकाशी ती मधल्यापेक्षा मऊ, पोकळ लागली किंवा दाबताना आत करकर झाली तर बदलावी. फुगवटा, तेलाने चिकट झालेला भाग, क्लिपेभोवती जमलेली पांढरी किंवा हिरवट पूड ही आणखी लक्षणे. चार-पाच वर्षे झालेली नळी लांबच्या प्रवासाआधी बदललेलीच बरी.

बदलण्याचे काम अवघड नाही, पण धसमुसळ्या माणसाचे नाही. बॅटरीची निगेटिव्ह वायर आधी सोडावी, कारण इलेक्ट्रिक पंखा इंजिन बंद असतानाही कधी कधी फिरू लागतो. रेडिएटरच्या तळाचा कॉक सैल करून कूलंट स्वच्छ टोपलीत किंवा परातीत काढावे. ही परात पुन्हा स्वयंपाकघरात न्यायची नाही, आणि मुले किंवा कुत्री-मांजरे फिरतात तिथे उघडी ठेवायची नाही. कूलंटमधील ग्लायकॉल चवीला गोड आणि पोटात गेले तर जीवघेणे असते.

खरी परीक्षा जुनी नळी काढताना. क्लिप सैल करून मागे सरकवली तरी वर्षानुवर्षे तापलेले रबर तोटीला चिकटून बसलेले असते. इथे पुष्कळ कारागीर रबराखाली स्क्रू ड्रायव्हर खुपसून पहारीसारखा दाबतात. पितळी रेडिएटरच्या काळात हे खपून गेले, कारण वाकलेली तोटी ठोकून सरळ करता येई. हल्लीच्या रेडिएटरच्या टाक्या प्लॅस्टिकच्या असतात. तोटी मोडली की सहसा अख्खा रेडिएटर बदलायची पाळी येते. नळी ओढू नये, पिळावी, बरणीचे झाकण फिरवतो तशी. तरीही हलली नाही तर तिचा मोह सोडावा. ती टाकायचीच आहे. टोकाला ब्लेडने लांबीत चीर देऊन साल सोलावी तसे रबर सोलून काढावे. चीर मात्र बेताची, कारण तोटीवर ओरखडा पडला तर नवी नळीही तिथून गळेल.

तोटी ओल्या फडक्याने पुसून घ्यावी. धातूची असेल तर बारीक पॉलिश पेपर चालतो, प्लॅस्टिकला नको. नवी नळी बसवण्याआधी जुनीशेजारी धरून लांबी आणि वळणे पडताळावीत. ‘ही पण बसते साहेब’ म्हणून दिलेली वेगळ्या घाटाची नळी बसते खरी, पण वळणावर दुमडते आणि पाणी अडते. क्लिपा आधी नळीवर ओवाव्यात. हे सांगायची गरज पडू नये, पण पडते. नळी सहज सरकावी म्हणून ग्रीस किंवा तेल लावायची सवय मोडायला हवी. या रबराला तेल म्हणजे विष. साबणाचे पाणी किंवा थोडे कूलंट पुरते.

तोटीच्या टोकाला एक उंचवटा असतो. क्लिप त्याच्या पलीकडे, इंजिनाच्या किंवा रेडिएटरच्या अंगाला बसली पाहिजे. उंचवट्यावर बसवली तर ती दाबाने सरकते. स्क्रूचे डोके अशा बाजूला ठेवावे की पुढे कधी लागले तर हात पोहोचेल. आणि आवळायची ती रबर किंचित दबेपर्यंतच. ताकद लावून आवळलेली क्लिप नळी कापते.

आता कॉक बंद करून कूलंट सावकाश भरावे. गाडीच्या पुस्तिकेत सांगितलेलेच घ्यावे. तयार मिश्रण नसेल तर बहुतेक वेळा डिस्टिल्ड वॉटरमध्ये निम्मेनिम्मे करतात. रेडिएटरला झाकण असलेल्या गाडीत ते उघडे ठेवून थंड इंजिन सुरू करावे आणि हीटर पूर्ण गरमवर ठेवावा. आत अडकलेली हवा बुडबुड्यांनी बाहेर येते, पातळी उतरते, ती पुन्हा भरावी. बुडबुडे थांबले की झाकण लावावे. कूलंट वर चढून सांडू लागले तर मात्र झाकणाशी झटापट न करता इंजिन बंद करावे. पहिल्या फेरीनंतर गाडी थंड झाली की पातळी आणि क्लिपा पुन्हा एकदा पाहाव्यात.

एवढे करूनही घाटात नळी दगा देऊ शकते. पाऊण तास थांबल्यावर चीर कुठे आहे ते पाहावे. ती टोकाशी असेल आणि नळीला थोडी लांबी असेल, तर फाटका भाग कापून नळी पुन्हा तोटीवर चढवता येते. तेवढ्यावर पुढच्या गॅरेजपर्यंत पोहोचता येते. चीर मध्ये असेल तर नळी कोरडी करून सायकलच्या ट्यूबची पट्टी घट्ट गुंडाळावी, पाणी भरावे, झाकण पहिल्या खाचेपर्यंतच लावावे म्हणजे दाब चढणार नाही, आणि काट्यावर नजर ठेवून, एसी बंद करून, हळू जावे. त्यासाठी डिकीत एक स्क्रू ड्रायव्हर, पक्कड, ब्लेड, दोन क्लिपा, ट्यूबची पट्टी आणि पाच लिटर पाणी असावे. मुलांना तोवर रस्त्याच्या कठड्याआड, गाडीपासून लांब बसवून डबा उघडून द्यावा.