शुगर कंट्रोलमध्ये, आई अकराव्या मजल्यावर

"आईंची शुगर एकदम कंट्रोलमध्ये," डॉक्टर म्हणाले. एचबीए1सी, म्हणजे तीनेक महिन्यांच्या साखरेची सरासरी, 6.2. मी रिपोर्ट लगेच फॅमिली ग्रुपवर टाकला. डोंबिवलीच्या मावशीने टाळ्या पाठवल्या. त्याच आठवड्यात आई अकराव्या मजल्यावर परक्यांची बेल दाबताना सापडली. आम्ही राहतो शारजात, सातव्यावर. गाऊन घामाने चिंब, हात थरथरताहेत, शुगर 48. साखरेचं पाणी पाजलं, घरी आणली, गोळ्यांचा डबा उघडला. वार मंगळवार, आणि बुधवारचाही खण रिकामा.

ग्लिमेपिराइड घेतल्याचं विसरून तिने पुन्हा घेतली होती. या गोळीने साखर कोसळली की उपास मेंदूला घडतो. कॅलिफोर्नियातल्या 16 हजारांवर मधुमेहींचा अभ्यास 2009 साली छापून आला: साखर कोसळून ज्यांना एकदा जरी इस्पितळ गाठावं लागलं, त्यांच्यात पुढे डिमेन्शिया जास्त. नुसता मधुमेह असला तरी धोका जवळपास दुप्पट, हे रॉटरडॅमच्या अभ्यासाने 1999 मध्येच सांगितलं होतं. विसरभोळ्या म्हाताऱ्या माणसाला एचबीए1सी 8 च्या आत असलं तरी पुरे, असं अमेरिकेची मधुमेह संघटना म्हणते. मग 76 वर्षांच्या बाईला 6.2 वर ताणून कुणाला मेडल मिळवायचं होतं?

मला. डॉक्टरांनी विचारलं नाही हे खरं; पण मी तरी कुठे सांगितलं? एकच प्रश्न ती चारदा विचारायची, आमटीत मीठ दोनदा पडायचं, आणि आम्ही हसायचो: "वय झालं!" दरवर्षी व्हिसासाठी तिचा इन्शुरन्स काढते, कागदांवर शिक्के मारून आणते. आठवण तपासावी असं कधी मनात आलं नाही. वर मंडळाच्या गणपतीत मिरवायचं, "आई आमच्याकडेच असते हो, शारजात!" असते म्हणजे काय, तर जून ते सप्टेंबर एसीत कोंडलेली. खाली दोन पावलं टाकायची सोय नाही. नातवाला सांभाळते, डबे भरते. फुकटची बाई मिळाली की आपल्याला संस्कृती आठवते. डोंबिवलीच्या चाळीत शेजारणीने तिसऱ्या दिवशी हटकलं असतं, "काकू, काय होतंय तुम्हाला?" इथे तिची शेजारीण मीच, आणि मी घरी येते साडेसातला.

ती गोळी आता बंद आहे. डबा माझ्या कपाटात, कुलपात. "माझ्या गोळ्या झाल्या का गं?" आई दिवसातून पाच वेळा फोन करते. परवा मावशीने ग्रुपवर नवा आकडा विचारला. मी लिहिलं, 7.8.

टाळ्या आल्या नाहीत.