आधी पाणी, मग परवानगी

जून २०२१ च्या अखेरीस पुणे महापालिकेच्या हद्दीत २३ गावे आली आणि क्षेत्रफळात पुण्याने मुंबईलाही मागे टाकले. पुढच्याच महिन्यात राज्य सरकारने याच गावांच्या नियोजनाचे अधिकार पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाकडे, म्हणजे पीएमआरडीएकडे सोपवले. वाघोली, मांजरी, सूस, म्हाळुंगे, नऱ्हे, किरकटवाडी, नांदेड या गावांचे पाणी, कचरा आणि दिवाबत्ती महापालिकेच्या गळ्यात आणि नियोजन मात्र प्राधिकरणाच्या हातात, अशी ही वाटणी झाली. नकाशे मंजूर करणारे आकुर्डीत, पाण्याचा जाब द्यायचा शिवाजीनगरच्या महापालिका भवनाने. इमारतीला परवानगी देताना तिथल्या माणसांना पाणी कुठून मिळणार, या प्रश्नाचे उत्तर परवानगी देणाऱ्यालाच द्यावे लागत नसेल, तर त्या परवानगीला नियोजन म्हणता येत नाही. पुण्याच्या भोवतालच्या सगळ्या पट्ट्यात गेली अनेक वर्षे हेच चालले आहे.

या व्यवस्थेला आधार दिला तो एका हमीपत्राने. स्थानिक संस्थेचे पाणी येईपर्यंत रहिवाशांना पाणी पुरवण्याची जबाबदारी विकसकाची राहील, अशा आशयाचा कागद घ्यायचा आणि बांधकाम परवानगी द्यायची, असा रिवाज पडला. कागद फायलीत राहतो. इमारत उभी राहते, सदनिका विकल्या जातात, सोसायटी स्थापन होते, विकसक पुढच्या प्रकल्पाकडे वळतो आणि पाण्याचा खर्च देखभाल शुल्कात येऊन बसतो. दरडोई १३५ लिटर हा शहरी पाणीपुरवठ्याचा सर्वमान्य निकष. दोनशे सदनिकांची सोसायटी आणि घरटी चार माणसे धरली, तर दिवसाला एक लाख आठ हजार लिटर पाणी लागते. दहा हजार लिटरचा टँकर धरला तर रोज अकरा टँकर. पहाटेपासून ते अरुंद रस्त्यावरून उलटे येत फाटकाशी लागतात, रखवालदार वहीत गाडीचा क्रमांक आणि वेळ लिहितो, जमिनीखालच्या टाकीत जाड नळी सोडली जाते आणि कमिटीतले कोणीतरी पाण्याचा रंग पाहायला खाली उतरलेले असते. पाणी कुठल्या विहिरीचे वा कूपनलिकेचे, हे त्या वहीत नसते. उन्हाळा वाढला की आसपासच्या विहिरी तळ गाठतात, टँकर लांबून येतो, दर चढतो. तीस वर्षांचे कर्ज काढून घर घेतलेल्या कुटुंबाने आयुष्यातल्या सर्वात मोठ्या खरेदीबरोबर हा रोजचा घोर विकत घेतलेला असतो, आणि करारनाम्यावर सही करताना त्याला तो कोणीही नीट सांगितलेला नसतो.

या दुर्लक्षाची किंमत फक्त पैशांत मोजावी लागते, असे नाही. जानेवारी २०२५ मध्ये सिंहगड रस्ता परिसरात गुइलेन बॅरे सिंड्रोमचे रुग्ण एकामागून एक सापडू लागले. नांदेड, किरकटवाडी, धायरी, खडकवासला ही गावे उद्रेकाच्या केंद्रस्थानी होती. संशयित रुग्णांची संख्या दोनशेच्या पुढे गेली, काही जणांचा जीव गेला, अनेकांना आठवडेच्या आठवडे अतिदक्षता विभागात काढावे लागले. तपासात बोट गेले ते दूषित पाण्याकडे. या भागातल्या मोठ्या लोकवस्तीला नांदेड गावातील विहिरीतून पाणी जात होते. धरणाचे पाणी शुद्धीकरण केंद्रातून न जाता विहिरीत येत होते आणि तिथे केवळ जंतुनाशक मिसळून पुढे सोडले जात होते. ग्रामपंचायतीच्या काळात, काही हजार वस्तीसाठी केलेली ही सोय होती. गावे महापालिकेत आली, बारा-बारा मजली इमारती उभ्या राहिल्या, विहीर तीच राहिली. खडकवासला धरणाच्या पायथ्याशी राहणाऱ्या माणसांना शुद्ध पाणी मिळू नये आणि त्यापायी हातापायांतली ताकद जावी, हे प्रशासनाने कधीही विसरू नये असे अपयश आहे. गाव हद्दीत घेण्याचा निर्णय एका अधिसूचनेने होतो. जलशुद्धीकरण केंद्र, साठवण टाक्या आणि वितरण वाहिन्या यांना जागा, निधी आणि कित्येक वर्षे लागतात. त्या वर्षांत नव्या परवानग्या कुठे, किती आणि कोणत्या अटीवर द्यायच्या, याचा निर्णय कोणीच घेतला नाही.

रस्त्यांची कथाही याच वळणाची. हिंजवडीत नव्वदच्या दशकाअखेरीस माहिती तंत्रज्ञान उद्यान उभे राहिले. उद्यानातले रस्ते एमआयडीसीचे, बाहेरचे कुठे सार्वजनिक बांधकाम विभागाचे, कुठे पीएमआरडीएचे, गल्लीबोळ ग्रामपंचायतीचे, महामार्ग केंद्राच्या प्राधिकरणाचा. माण, मारुंजी, नेरे या गावांच्या शिवारात उसाच्या जागी मनोरे आले, पण तिथे जायचा रस्ता बऱ्याच ठिकाणी जुन्या पाणंदीच्याच रुंदीचा राहिला. ओढे-नाल्यांवर भराव पडले. २०२५ च्या जून-जुलैत पहिल्या जोरदार पावसात रस्त्यांच्या नद्या झाल्या, तेव्हा मंत्र्यांचे पाहणी दौरे झाले आणि कोणत्या यंत्रणेने काय करायचे याच्या बैठका सुरू झाल्या. कंपन्या येऊन पाव शतक उलटल्यावर हा प्रश्न बैठकीला यावा, यातच सगळे आले.

विकास आराखड्यात रस्ते, शाळा, दवाखाने, उद्याने यांची आरक्षणे असतात, मग ती प्रत्यक्षात का येत नाहीत? १९६६ च्या महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना कायद्याच्या कलम १२७ नुसार आराखडा अमलात आल्यापासून दहा वर्षांत आरक्षित जमीन ताब्यात घेतली नाही, तर मालक नोटीस देऊ शकतो आणि त्यानंतर २४ महिन्यांत भूसंपादनाची पावले उचलली नाहीत तर आरक्षण संपते. जमीनमालकावर अनंत काळ टांगती तलवार राहू नये म्हणून ही तरतूद आहे आणि ती रास्तच आहे. पण संपादनासाठी पैसा राखून न ठेवणाऱ्या संस्थेच्या हातून अशी एकेक जागा निसटत जाते. शाळेच्या जागी इमारत होते आणि तिच्यातली मुले बसने पाच-सात किलोमीटर दूर जातात. गावातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेच्या जुन्या खोल्यांवर भार पडतो तो वेगळाच.

पैसा नाही, हे उत्तर मात्र पटणारे नाही. नवे घर घेणारा माणूस पायाभूत सुविधांसाठी पुन्हा पुन्हा मोजत असतो. विकसक विकास शुल्क भरतो, जादा चटईक्षेत्रासाठी अधिमूल्य भरतो. हे सारे सदनिकेच्या किमतीत येते. मुद्रांक शुल्कासोबत एप्रिल २०२२ पासून पुण्यात एक टक्का मेट्रो अधिभार आहे, मग मालमत्ता कर आहे आणि शेवटी टँकर. विकास शुल्काचा निधी सार्वजनिक सुविधांसाठी वापरायचा, असे कायदा सांगतो. पण वाघोलीतून आलेला रुपया वाघोलीच्याच जलवाहिनीवर खर्च व्हावा, असे बंधन नाही. तो मोठ्या खात्यात जातो आणि ज्या पुलाची, ज्या उन्नत मार्गाची चर्चा अधिक, त्याच्याकडे वळतो. जमिनीखालच्या मलवाहिनीचे उद्घाटन होत नाही, म्हणून तिची पाळी शेवटी येते. गावांतले लोक विचारतात, सुविधा नाहीत तर कर कशाचा? पालिका विचारते, कर नाही तर सुविधा कशातून? समाविष्ट गावांतल्या करवसुलीला राज्य सरकारने दिलेल्या स्थगितीने हा पेच सुटला नाही, फक्त पुढे ढकलला गेला.

पाण्याच्या प्रश्नाला आणखी एक बाजू आहे आणि शहरातल्या चर्चेत ती फार क्वचित येते. खडकवासला, पानशेत, वरसगाव आणि टेमघर या चार धरणांत मिळून सुमारे २९ टीएमसी पाणी मावते. तेच पाणी कालव्याने हवेली, दौंड, इंदापूरच्या शेतीला जाते. महापालिका मंजूर कोट्यापेक्षा अधिक पाणी उचलते, ही जलसंपदा विभागाची तक्रार जुनी आहे. कालव्याचे एक आवर्तन कमी झाले तर इंदापूरच्या शेतकऱ्याचे पीक जाते. पिंपरी-चिंचवडला नोव्हेंबर २०१९ पासून दिवसाआड पाणी मिळते आहे. पवना धरणातून बंद जलवाहिनीने पाणी आणण्याच्या योजनेला मावळात विरोध झाला आणि ९ ऑगस्ट २०११ च्या गोळीबारात तीन शेतकरी गेले. तेव्हा शहराच्या कडेला मंजूर होणाऱ्या प्रत्येक मोठ्या गृहप्रकल्पाचा संबंध कुठल्या तरी शिवाराशी असतो. त्याचे पाणी आधी ठरवले नाही, तर ते नंतर राजकीय दबावाने ठरते, आणि अशा ठरण्यात खालच्या टोकाचा शेतकरी नेहमी हरतो. याच धरणांसाठी गावे उठली. राज्यभरातल्या धरणग्रस्तांच्या लढ्याने ‘आधी पुनर्वसन, मग धरण’ हे तत्त्व राज्याला ऐकायला लावले. घरबांधणीलाही तसाच क्रम हवा.

असा क्रम पाळून शहर वसवणे महाराष्ट्राला अपरिचित नाही. १८९६ च्या प्लेगनंतर, १८९८ मध्ये मुंबईत सुधार न्यास स्थापन झाला. त्याने दादर, माटुंगा, वडाळ्याच्या शेतजमिनी घेऊन तिथे आधी रस्ते, गटारे आणि बागा आखल्या, मग भूखंड दिले. फाइव्ह गार्डन्सचा परिसर आजही माणसाला राहावासा वाटतो, तो त्यामुळे. न्यासाने गरिबांच्या चाळी पाडल्या, त्यांची सगळ्यांची सोय केली नाही, हा दोष खराच. पण कामाचा क्रम बरोबर होता. १९१५ च्या मुंबई नगररचना कायद्याने नगररचना योजनेचा मार्ग खुला केला. सगळ्या मालकांच्या जमिनी एकत्र करायच्या, रस्ते, शाळा, बागांसाठी ठरावीक हिस्सा काढून घ्यायचा आणि उरलेली जमीन नीट आकाराच्या भूखंडांत मालकांना परत करायची. यात भूसंपादनासाठी कोट्यवधी लागत नाहीत आणि एकाच्याच जमिनीवर आरक्षण पडून शेजारी मालामाल झाला, असा अन्यायही टळतो. गुजरातने हे साधन सोडले नाही. अहमदाबादच्या ७६ किलोमीटरच्या वर्तुळाकार रस्त्याची बरीचशी जमीन अशा योजनांतून मिळाली. आपल्याकडे कायद्यात तरतूद कायम असूनही काही दशके ती जवळपास अडगळीत होती. माण-म्हाळुंगेसारख्या योजनांनी ती पुन्हा हाती घेतली, ही चांगली गोष्ट आहे, पण त्यांचा वेग आणि संख्या बांधकामांच्या वेगापुढे फारच तोकडी आहे.

परवानग्या अडवल्या तर घरे महागतील आणि गरजू माणूस गुंठा-गुंठा जमीन घेऊन बेकायदा बांधकामाकडे वळेल, हा आक्षेप गंभीर आहे. तो खराही आहे. धायरी, नऱ्हे, लोहगावात तसे घडलेले दिसते. सरसकट बंदी म्हणूनच उपयोगाची नाही. २०१६ मध्ये बाणेर-बालेवाडीच्या पाणीटंचाईचे प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेले आणि न्यायालयाने त्या भागातल्या नव्या बांधकामांना काही काळ चाप लावला, तो प्रशासनाने स्वतःचे काम न केल्यामुळे. न्यायालयावर ही वेळ येऊ नये असे वाटत असेल, तर कोणत्या भागात पुढच्या पाच वर्षांत किती पाणी, किती मलनिस्सारण क्षमता आणि किती रुंद रस्ता प्रत्यक्ष मिळणार, हे आधी जाहीर करावे आणि तेवढ्याच घरांना टप्प्याटप्प्याने मंजुरी द्यावी. जिथे क्षमता आहे तिथे परवानगी झटपट मिळावी, परवडणाऱ्या घरांना तिथे पहिला मान मिळावा. विकसकालाही यात तोटा नाही. कोणत्या गावात कोणत्या वर्षी बांधता येईल हे कळले, तर तो जमीन त्याच हिशेबाने घेईल.

यासाठी तीन निर्णय राज्य सरकारच्या हातात आहेत. पाणी देणाऱ्या संस्थेच्या लेखी मंजुरीशिवाय मोठ्या गृहप्रकल्पाला बांधकाम परवानगी मिळू नये आणि त्या मंजुरीत पाण्याचा स्रोत, प्रमाण व तारीख असावी. म्हणजेच टँकरच्या भरवशावरचे हमीपत्र बंद व्हावे. गोळा झालेले विकास शुल्क व अधिमूल्य यांचे गावनिहाय खाते असावे आणि त्याचा जमाखर्च दरवर्षी गावातच लोकांपुढे मांडला जावा. आणि भोगवटा प्रमाणपत्र देताना इमारतीच्या आतल्या लिफ्ट व अग्निशमन यंत्रणेइतकीच फाटकाबाहेरची जलवाहिनी आणि मलवाहिनी तपासली जावी. पहिल्या निर्णयाला विकसकांचा विरोध होईल, दुसऱ्याला महापालिका आणि प्राधिकरण दोघांचाही. तिसऱ्याला उघड विरोध कोणी करणार नाही, पण अंमलबजावणीत तोच सर्वात आधी सैल पडेल. म्हणून नागरिकांनी त्याच्यावर डोळा ठेवायला हवा.

पीएमआरडीएचा २०२१ चा प्रारूप विकास आराखडा २०२५ मध्ये रद्द झाला. शेकडो गावांचे नियोजन पुन्हा मांडावे लागणार आहे. वाया गेलेल्या वर्षांचे दुःख आहेच, पण चुकीचा क्रम बदलण्याची अशी संधी लवकर परत येणार नाही. नवे प्रारूप हरकतींसाठी प्रसिद्ध होईल, तेव्हा निवासी, व्यापारी आणि हरित पट्ट्यांच्या नकाशासोबत प्रत्येक गावाचा एक तक्ता जोडलेला असावा: आज पाणी किती, कुठून; इतक्या वस्तीला लागेल किती; फरक कोणत्या योजनेतून, कोणाच्या पैशाने आणि कोणत्या वर्षी भरून निघणार. हा तक्ता जोडलेला नसेल तर गावकऱ्यांनी आणि सोसायट्यांनी पहिली हरकत त्यावरच नोंदवावी.