आधी वॉर्ड पाहा, मग शहर

बारावीचा निकाल लागला की तालुक्याच्या गावांत एक प्रश्न हमखास निघतो. मुलीला नर्सिंगला घालायचे, पण पुण्याला की मुंबईला? शहर ठरते, शुल्कासाठी कर्जही निघते. ज्या रुग्णालयात ती शिकणार, तिथे रुग्ण किती असतात, हे मात्र क्वचितच कोणी विचारते.

परिचारिकेचे शिक्षण रुग्णाच्या खाटेशेजारी होते. बी.एस्सी. नर्सिंग महाविद्यालयाचे स्वतःचे किमान १०० खाटांचे रुग्णालय असावे आणि एका विद्यार्थ्यामागे तीन रुग्ण असावेत, असे भारतीय परिचर्या परिषदेचे निकष आहेत. पण खाटा कागदावरही मांडता येतात. शीर सापडणे, बाळंतिणीचा रक्तस्राव वेळीच ओळखणे, घाबरलेल्या नातेवाइकाला शांत करणे, हे रिकाम्या वॉर्डात शिकता येत नाही. गर्दीच्या जिल्हा रुग्णालयात ते रोज शिकायला मिळते. मात्र तिथेही शिकवणाऱ्या ज्येष्ठ सिस्टर हव्यात. नाहीतर विद्यार्थिनी म्हणजे फुकटचे मनुष्यबळ ठरते.

म्हणून प्रवेशाआधी पालकांनी एक फेरी मारावी. दुपारी वॉर्डात किती खाटा भरलेल्या आहेत, प्रसूतिगृह चालते का, शेवटच्या वर्षाच्या मुली काय सांगतात, रात्रपाळीनंतर वसतिगृहापर्यंत सुरक्षित पोहोचता येते का, हे पाहावे. मूळ कागदपत्रे अडकवून ठेवणारा करार असेल तर तोही आधी वाचावा.

नोकरीचे गणित आणखी वेगळे. ५० पेक्षा कमी खाटांच्या खासगी रुग्णालयातही परिचारिकेला महिना किमान २०,००० रुपये मिळावेत, अशी शिफारस सर्वोच्च न्यायालयाच्या निर्देशानंतर नेमलेल्या समितीने २०१६ मध्ये केली. ती सर्वत्र पाळली जात नाही. महानगरात पगार थोडा जास्त दिसतो, पण खोलीचे भाडे आणि प्रवास वजा केला की हाती काय उरते, ते मोजायला हवे.

मोठ्या शहराचे मोल आहेच. हृदयशस्त्रक्रिया, कर्करोग, नवजात अतिदक्षता यांचा अनुभव बहुधा तिथेच मिळतो. पण तो पुढचा टप्पा. पहिली चार वर्षे हात तयार होण्याची असतात. ज्या गावात रुग्ण आहेत आणि शिकवणारी सिस्टर आहे, तेच गाव त्यासाठी योग्य. हात तयार असले, तर पुढे कोणत्याही शहरात तिला काम मागावे लागणार नाही. रुग्णालयेच तिला शोधत येतील.